परिचारिकांची डॉक्टरेट : पडद्यावर किती, रुग्णालयात किती?

अमेरिकेत परिचर्या व्यवसायातील एक सर्वोच्च पदवी आज मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन पद्धतीने घेतली जाते. ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, संक्षेपाने ‘डीएनपी’, असे तिचे नाव. ही पदवी देणाऱ्या शिक्षणसंस्थांची संख्या चारशेच्या वर गेली असून त्यांपैकी कित्येक संस्थांचे अध्यापन सर्वस्वी अथवा बव्हंशी संगणकाच्या पडद्यावरून चालते. रुग्णाच्या नाडीवर हात ठेवून शिकावयाची विद्या दूर बसून कशी संपादन करता येते, असा प्रश्न कोणाही सुज्ञ माणसास पडावा. तो रास्तच आहे. त्याचे उत्तर या पदवीच्या रचनेत आहे. आणि ती रचना समजावून न घेता केवळ ‘ऑनलाइन’ या शब्दावर भिस्त ठेवणाऱ्या परिचारिकेचा पैसा व आयुष्यातील काही वर्षे दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

पदवीची जन्मकथा

रुग्णास तपासणे, निदान करणे, औषध लिहून देणे ही कामे परिचारिकेने करावयाची असतील तर तिला त्यासाठी वेगळे शिक्षण मिळाले पाहिजे, या विचारातून १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्‍री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने एक अभ्यासक्रम सुरू केला. ग्रामीण भागात मुलांसाठी डॉक्टर मिळेनासे झाले होते, ही त्यामागील तातडीची गरज होती. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वर्ग तेथून अस्तित्वात आला. आज अशा परिचारिकांची संख्या त्या देशात सुमारे चार लाख आहे. त्यांच्या जोडीला भूल देणारी परिचारिका, प्रसूतिकार्यातील परिचारिका आणि एखाद्या रुग्णशाखेतील विशेषज्ञ परिचारिका असे आणखी तीन वर्ग मानले जातात. या चौघींच्या कार्यास मिळून प्रगत परिचर्या असे म्हणतात.

या कार्यासाठी पदव्युत्तर पदवी पुरेशी समजली जात असे. २००४ साली अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने असा ठराव केला, की २०१५ पर्यंत प्रगत परिचर्येचे शिक्षण डॉक्टरेटच्या पातळीवर न्यावे. २०१५ साल आले आणि गेले. पदव्युत्तर अभ्यासक्रम अजूनही चालू आहेत आणि राज्यांचे परवानाविषयक कायदे ती पदवी अजूनही ग्राह्य धरतात. ठराव आणि अंमलबजावणी यांमधील अंतराची ज्यांना सवय आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. अपवाद भूलतंत्राचा. जानेवारी २०२२ पासून त्या शाखेत नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकास डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात नाव नोंदवावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. डीएनपी म्हणजे पीएच.डी. नव्हे. पीएच.डी.चा विद्यार्थी नवे ज्ञान शोधतो. डीएनपीच्या विद्यार्थिनीने उपलब्ध ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवावे, अशी अपेक्षा असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास होणाऱ्या शय्याव्रणाचे उदाहरण घेता येईल. त्वचेतील रक्ताभिसरण कोणत्या दाबाखाली थांबते, हा पीएच.डी.चा विषय होय. परंतु रुग्णास ठराविक वेळाने कुशीवर वळवावे हे सर्वांना ठाऊक असताना एखाद्या कक्षात ते का होत नाही, रात्रपाळीकडे काम सोपविताना कोणती नोंद गळते, नोंदवहीचा नमुना बदलल्यास व्रणांचे प्रमाण किती घटते, हे मोजून दाखविणे हा डीएनपीचा प्रकल्प होऊ शकतो. दुसरे काम पहिल्याहून सोपे आहे, असे मानण्याचे कारण नाही. त्यात माणसांच्या सवयी बदलाव्या लागतात.

डोंगरातील पाठशाळा

दूरशिक्षणाची वाट या क्षेत्रात संगणकाच्या प्रसाराआधीच पाडली गेली होती. केंटकी राज्यातील लेस्ली जिल्हा हा डोंगराळ व निर्धन मुलूख. तेथे मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ साली एक परिचर्या सेवा उभी केली. रस्ते नसल्याने परिचारिका घोड्यावर बसून, ओढे ओलांडून बाळंतिणीच्या घरी जात. १९३९ साली या सेवेने प्रसूतिकार्याची स्वतःची पाठशाळा काढली. पुढे अर्धशतकाने, १९८९ साली, तिने एक निराळा प्रयोग आरंभिला. विद्यार्थिनीने आपल्याच गावी राहावे, अभ्यासाचे साहित्य तिला घरपोच मिळावे, प्रात्यक्षिक तिने जवळच्या दवाखान्यात अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली करावे आणि पाठशाळेत केवळ ठराविक दिवसांसाठी यावे, अशी ही योजना होती. आज ‘फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी’ या नावाने ओळखली जाणारी ही संस्था त्याच पद्धतीने डीएनपी देते.

या प्रयोगामागील हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. खेड्यातील परिचारिका शिक्षणासाठी शहरात गेली की बहुधा परत येत नाही, आणि ज्या गावाला तिची गरज असते ते गाव तिला मुकते. तिला गाव सोडावेच लागू नये, हा दूरशिक्षणाचा मूळ उद्देश होता. आजच्या जाहिरातींत सोयीवर भर असतो. हा उद्देश त्यांत क्वचितच आढळतो.

एक हजार तास

अभ्यासक्रमाचा सैद्धांतिक भाग पडद्यावरून चांगल्या प्रकारे शिकविता येतो, यात शंका नाही. संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, आरोग्यविषयक धोरण, रुग्णालयाचे अर्थकारण, संशोधनपर लेखांचे परीक्षण हे त्यातील मुख्य विषय. काही व्याख्याने आधीच ध्वनिचित्रमुद्रित असतात, तर काही वर्ग ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष भरतात. बहुसंख्य विद्यार्थिनी नोकरी करणाऱ्या असल्याने रात्रपाळीहून आल्यावर, मुले झोपल्यावर, सुटीच्या दिवशी हा अभ्यास होतो.

परंतु पदवीचा कणा निराळाच आहे. प्रथम पदवीनंतर किमान १,००० तासांचे पर्यवेक्षित कार्य झाल्याविना डीएनपी मिळत नाही. पदव्युत्तर शिक्षणात झालेले तास यात धरता येतात. म्हणूनच ज्यांच्याकडे ती पदवी आधीच आहे त्यांना हा अभ्यासक्रम लवकर पुरा करता येतो आणि पूर्णतः ऑनलाइन म्हणविणारे अभ्यासक्रम बहुधा त्यांच्यासाठीच असतात. प्रथम पदवीवरून थेट डॉक्टरेटकडे जाणाऱ्या परिचारिकेस तीन-चार वर्षे लागतात. नर्स प्रॅक्टिशनर होणाऱ्यांच्या बाबतीत, या तासांपैकी किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असावेत असे २०२२ च्या मानकांत नमूद आहे. पूर्वी ही मर्यादा ५०० होती. आठवड्याचे तीन दिवस बारा तासांची पाळी करणाऱ्या परिचारिकेने उरलेल्या वेळातून सोळा तास काढले, तरी १,००० तास पुरे होण्यास बासष्टहून अधिक आठवडे लागतात. घरबसल्या डॉक्टरेट या शब्दप्रयोगाचा अर्थ हिशेब मांडला की असा उमगतो.

हे तास ज्या डॉक्टरच्या अथवा प्रगत परिचारिकेच्या देखरेखीखाली करावयाचे, त्यास ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. विद्यार्थिनीने तपासलेला रुग्ण त्याने पुन्हा तपासावा, तिचे निदान का चुकले ते सांगावे, तिच्या तासांच्या नोंदीवर सही करावी, असे त्याचे काम. यासाठी त्यास पुष्कळदा काहीही मानधन नसते आणि विद्यार्थिनीमुळे त्याचे दैनंदिन काम मात्र मंदावते. परिणामी असा मार्गदर्शक मिळणे हीच या शिक्षणातील सर्वांत कठीण गोष्ट होऊन बसली आहे. काही संस्था दवाखान्यांशी स्वतः करार करतात आणि विद्यार्थिनीस जागा मिळवून देतात. इतर कित्येक ठिकाणी मार्गदर्शक शोधण्याची जबाबदारी तिच्यावरच टाकली जाते. मग ती दारोदार पत्रे पाठविते, मध्यस्थ संस्थांना पैसे मोजते, आणि तरीही जागा न मिळाल्यास तिचे सत्र वाया जाते. प्रवेशापूर्वी संस्थेस विचारावयाचा पहिला प्रश्न शुल्काचा नसावा. मार्गदर्शकाची व्यवस्था कोण करणार, हा असावा.

शिक्षणाची गुणवत्ताही याच जागी ठरते. दूरच्या प्राध्यापकाने भेट दिली किंवा चित्रसंवादातून पाहणी केली, तरी रोजच्या कामाची साक्ष देणारी सही एकाच माणसाची असते. चांगला मार्गदर्शक लाभला तर लहानशा दवाखान्यातही उत्तम शिक्षण होते. तो न लाभल्यास मोठ्या विद्यापीठाचे नावही उपयोगी पडत नाही.

परवाना राज्याचा

परिचारिकेस काम करण्याचा परवाना तेथे राज्याचे परिचर्या मंडळ देते. विद्यापीठ एका राज्यात, विद्यार्थिनी दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती ऑनलाइन शिक्षणात नित्याचीच असल्याने दोन्ही राज्यांचे नियम लागू होतात. परस्परांच्या संस्थांस मान्यता देण्याचा एक करार बहुतेक राज्यांत आहे. कॅलिफोर्निया त्यात सामील नाही. शिवाय या कराराने शिकविण्याची मुभा मिळते, परवान्याची हमी मिळत नाही. अभ्यासक्रमास मान्यवर मूल्यांकन संस्थेची मान्यता आहे काय, आणि आपल्या राज्याचे मंडळ ती पदवी परवान्यासाठी स्वीकारते काय, या दोन गोष्टींची लेखी खात्री प्रत्येकीस स्वतःच करून घ्यावी लागते.

ही सावधगिरी अनाठायी नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातील तीन परिचर्या शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका व गुणपत्रके विकली गेल्याचे प्रकरण अमेरिकेच्या न्याय खात्याने उघडकीस आणले. ती प्रमाणपत्रे प्राथमिक पातळीवरील परिचारिकांची होती, डॉक्टरेटची नव्हती. पण शिक्षण न घेता कागद मिळविता येतो आणि त्या कागदाच्या बळावर परवाना परीक्षेस बसता येते, हे त्यातून दिसून आले.

पदवीनंतर पदरात काय पडते, याचाही विचार व्हावयास हवा. निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीविना स्वतंत्रपणे काम करू शकते. इतरत्र तिला डॉक्टरशी करार करावा लागतो. मात्र हा अधिकार परवान्याशी निगडित आहे, डॉक्टरेटशी नाही. पदव्युत्तर पदवीवर परवाना मिळालेली आणि डीएनपी झालेली अशा दोघींचे अधिकार समानच असतात. रुग्णासमोर स्वतःस ‘डॉक्टर’ म्हणविण्यावर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात निर्बंध आहेत. प्रशासन, अध्यापन आणि सुधारणांचे नेतृत्व या क्षेत्रांत पदवीचा उपयोग निश्चित आहे. निव्वळ वेतनवाढीसाठी ती घेणाऱ्यांनी हिशेब दोनदा करावा, हे बरे. शिक्षणासाठी काही दशसहस्र डॉलर लागतात आणि त्यासाठी बहुधा कर्ज काढावे लागते. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या केंद्रीय कर्जावर जुलै २०२६ पासून वार्षिक २०,५०० डॉलरची मर्यादा घातली. व्यावसायिक पदव्यांसाठी ती अधिक ठेवली. परिचर्येची गणना व्यावसायिक पदव्यांत करावी की नाही, यावरून त्या वर्षाच्या अखेरीस मोठा वाद झाला.

भारतातील परिचारिकांच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील परिचारिकांना अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती भ्रमणध्वनीवर सहज दिसू शकतात. म्हणून काही गोष्टी स्पष्ट असणे आवश्यक आहे. डीएनपीच्या प्रवेशासाठी सामान्यतः अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू परिचारिका-परवाना लागतो, आणि प्रत्यक्ष सेवेचे तास संस्थेने मान्य केलेल्या ठिकाणीच व्हावे लागतात. अमेरिकेस जाऊन शिकण्याचा विचार असल्यास हेही ध्यानात असावे, की तेथील ‘एफ-१’ विद्यार्थी व्हिसासाठी एका सत्रात केवळ एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात धरला जातो. पूर्णतः ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या आधारे हा व्हिसा मिळत नाही.

भारताने स्वतःचा मार्ग निराळा आखला आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता सेवेतील नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला. त्यात बहुतांश वेळ रुग्णकक्षातच जातो. २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसूतिसेवेविषयी मार्गदर्शक सूचना काढून प्रसूतिकार्यातील नर्स प्रॅक्टिशनर हा संवर्ग निर्माण करण्याचे ठरविले. त्याच वर्षापासून आरोग्यवर्धिनी केंद्रांची योजना सुरू झाली आणि उपकेंद्राच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. परिचर्येचे पदवीधरही या पदास पात्र असतात. पंचायत सदस्यांना हा बदल आपल्या गावी पाहावयास मिळतो.

दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली जे विनियम केले त्यांत परिचर्या हा विषय वर्ज्य ठरविला आहे. पीएच.डी.संबंधीच्या २०२२ च्या विनियमांनुसार ती पदवीही दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. परदेशी संस्थांच्या सहकार्याने शिक्षणव्यवसायातील कंपन्या देऊ करीत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असे आयोगाने व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त सूचनेद्वारे जाहीर केले. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेविषयी २०२५ मध्ये आलेल्या नव्या विनियमांतूनही परिचर्येसारखे, ज्यांसाठी वैधानिक परिषद आहे असे विषय वगळलेले आहेत. त्यामुळे परदेशी डॉक्टरेट घेऊन कोणी परिचर्या महाविद्यालयातील पदासाठी अर्ज केला, तर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम परिचर्या परिषदेची मान्यता पाहावयाची असते. अर्जदाराने ती मान्यता अर्जापूर्वीच, किंबहुना प्रवेश घेण्यापूर्वीच, विचारून घेतलेली बरी.