लाभ कोणाला, झळ कोणाला?

प्रकल्पाचे लाभ आणि त्याची झळ यांची समाजात न्याय्य वाटणी व्हावी आणि झळ सोसणाऱ्यांचे म्हणणे आराखडा पक्का होण्याआधी ऐकले जावे, या तत्त्वाला पर्यावरणीय न्याय म्हणतात. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या बाबतीत हा प्रश्न वरळी कोळीवाड्यात ऐरणीवर आला. हा मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाखालूनच क्लीव्हलँड बंदरातल्या होड्या समुद्रात जातात. तेथे गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, मूळ आराखड्यात ६० मीटर होते, आणि वारा, पाण्याची ओढ व खडक पाहता एवढ्या वाटेने होडी नेणे धोक्याचे असल्यामुळे मच्छीमारांनी २०० मीटरची मागणी लावून धरली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून १२० मीटरचा गाळा ठेवण्याचे ठरले; परंतु बंदरावर सर्वांना ठाऊक असलेली ही अडचण काम अडल्यावर ऐकली जावी, हा नियोजनाचाच दोष होय. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या या मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव असल्याने त्याचा लाभ मुख्यतः मोटारधारकांना मिळतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पाण्यावर उपजीविका करणाऱ्या मच्छीमारांनाही ‘बाधित कुटुंब’ मानले खरे, पण ती व्याख्या जमीन संपादित झाली तरच लागू होते. मासेमारीच्या समुद्राला सातबारा नसतो, आणि ओहोटीच्या वेळी खडकांवर कालवे वेचणाऱ्या स्त्रियांच्या नावावर तर होडीचा परवानाही नसतो.