एकाच घरात, पुन्हा पुन्हा

2025च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स सरकारने कॅथलीन फोल्बिग यांना 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. पोटच्या चार मुलांच्या मृत्यूंबद्दल दोषी ठरून 20 वर्षे तुरुंगात काढलेल्या, नंतर निर्दोष ठरलेल्या या आईची ही भरपाई. ‘डीएनएने आईला सोडवले’ असे या प्रकरणाचे एका वाक्यात वर्णन केले जाते. वाक्य आकर्षक आहे, पण अर्धेच खरे आहे.

1989 ते 1999 या काळात ही मुले गेली. सर्वांत लहान 19 दिवसांचे, सर्वांत मोठी मुलगी जेमतेम दीड वर्षाची. गुदमरवल्याची ठोस वैद्यकीय खूण एकाही शरीरावर नव्हती. 2003च्या खटल्यात सरकारी बाजूची मदार होती ती आईच्या डायरीतल्या अपराधी सुरातल्या नोंदींवर आणि ‘चार’ या आकड्यावर. एकाच घरात चार वेळा? त्या काळात ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांच्या नावाचा एक ‘नियम’च रूढ होता: पहिला मृत्यू दुर्दैव, दुसरा संशयास्पद, आणि उलट सिद्ध होईपर्यंत तिसरा खूनच.

गंमत पाहा. एकच गोष्ट एकाच घरात पुन्हा पुन्हा घडली की वकिलाला त्यात खुनाची सवय दिसते. आनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र आधी घराण्यातला आजार आठवायला हवा.

तो मेडोंना आठवला नाही. 1999 साली इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील महिलेवरील दोन बाळांच्या खुनाच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली: तशा सुस्थितीतल्या कुटुंबात बाळ अचानक दगावण्याची शक्यता 8,543त एक, म्हणून दोन बाळे दगावण्याची 7 कोटी 30 लाखांत एक. नुसता वर्ग केला! असा गुणाकार दोन्ही घटना एकमेकींशी संपूर्णपणे असंबद्ध असतील तरच चालतो. सख्ख्या भावंडांचे जनुक आणि घर दोन्ही सामायिक असतात. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 साली या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. सॅल्फर्डचे गणितज्ञ रे हिल यांनी आणखी पुढचा प्रश्न विचारला: एकाच घरात दोन खून होण्याची शक्यता किती? त्यांच्या हिशेबाने ती दोन नैसर्गिक मृत्यूंपेक्षाही कमी होती. 2003 साली क्लार्क सुटल्या, पण दडून राहिलेल्या जंतुतपासणीच्या अहवालामुळे. 2007 साली त्या वारल्या.

2003 सालीच इंग्लंडमध्ये तृप्ती पटेल या औषधविक्रेत्या आईवर तीन बाळांच्या खुनाचा खटला चालला. त्यांची आजी भारतातून विमानाने गेली आणि तिने कोर्टाला सांगितले, की माझ्या 12 मुलांपैकी पाच तान्हेपणीच गेली. ज्यूरीने तृप्ती यांना निर्दोष सोडले. प्रयोगशाळा, सिक्वेन्सिंग काही नाही. चार पिढ्यांची वंशावळ तेवढी समोर आली. या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपेक्षित शास्त्रीय साक्ष मला हीच वाटते.

फोल्बिग यांच्याकडे अशी आजी नव्हती. त्यांच्या मदतीला आल्या कॅनबेरातल्या इम्युनॉलॉजिस्ट कॅरोला विनुएसा. त्यांच्या चमूला आईत आणि दोन्ही मुलींत ‘काल्म-2’ (CALM2) या जनुकात बदल सापडला. हे जनुक कॅल्मोड्युलिन बनवते. माशापासून माणसापर्यंत सर्व पृष्ठवंशीयांत हे प्रथिन तंतोतंत सारखे आहे. उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षे त्यातले एक अक्षर बदलू दिलेले नाही. हृदयपेशीत त्याचे काम गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकचे. कॅल्शियम आत भरू लागले, की ते कॅल्मोड्युलिनला चिकटते आणि आत येण्याचा मार्ग बंद होतो. बॉलकॉक अडकला तर टाकी वाहते. इथे ठोक्यांची लय बिघडते आणि झोपेतही हृदय थांबू शकते. तीन जनुकांच्या मिळून सहा प्रती हेच प्रथिन बनवतात, तरी एक बिघडलेली प्रत घातक ठरू शकते!

2019च्या चौकशीला हे पटले नाही. मग डेन्मार्कच्या प्रयोगशाळेत बदललेले प्रथिन तयार करून त्याची चाचणी झाली, तेव्हा ते खरोखर कामात कमी पडत असल्याचे दिसले. 2021 साली 90 शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी माफीची मागणी केली. दुसऱ्या चौकशीत ऑस्ट्रेलियन अकादमी ऑफ सायन्स सल्लागार होती. जून 2023मध्ये माफी मिळाली, डिसेंबरमध्ये शिक्षा रद्द झाली.

पण मुलग्यांत हा बदल नव्हताच. शिवाय तो असूनही आई जिवंत आहे. म्हणजे जनुकाने चारही मृत्यू उलगडले नाहीत. त्याने ‘चार’मधून दोन वजा केले, आणि आकड्यावर उभा असलेला सारा युक्तिवाद कोसळला.

म्हणून जनुकाच्या जयजयकाराची मला थोडी भीतीच वाटते. उद्या एखाद्या आईला कोर्ट विचारेल, ‘दाखव तुझे जनुक’, आणि ते सापडले नाही, की मेडोंचा नियम नव्या पोशाखात परत येईल. अँजेला कॅनिंग्ज या अशाच आणखी एका आईच्या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2004 साली यावर उत्तर देऊन ठेवले आहे: तज्ज्ञांमध्येच गंभीर मतभेद असतील आणि दुसरा भक्कम पुरावा नसेल, तर असा खटला उभाच करू नये. मृत्यूचे कारण शोधणे हे विज्ञानाचे काम आहे. ते सापडेपर्यंत आईला तुरुंगात ठेवणे हे कुणाचेच नाही.