दोन हजारांवर पेपर लिहिणारा लिव्हरचा डॉक्टर : त्या कागदांतून रुग्णाला काय मिळालं?

‘आमच्या डॉक्टरांचे शंभर पेपर छापून आलेत’, ‘या चूर्णावर संशोधन झालंय’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. घरात कुणाला कावीळ झाली, पोटात पाणी झालं की असे सल्ले जास्तच येतात. पण पेपर म्हणजे नेमकं काय आणि त्याचं मोल कसं ओळखायचं? त्यासाठी अमेरिकेतले सर्जन डॉ. थॉमस स्टार्झल यांचं उदाहरण बघू.

कोण हे स्टार्झल?

जन्म १९२६, आयोवा या मका पिकवणाऱ्या राज्यातल्या ले मार्स गावी. निधन मार्च २०१७ मध्ये. त्यांच्या नावावर दोन हजारांहून जास्त शोधनिबंध आहेत, त्यातले बरेचसे यकृत म्हणजे लिव्हर आणि अवयव बदलण्याच्या शस्त्रक्रियेवर. मटणात आपण जिला कलेजी म्हणतो, तोच हा अवयव. रक्त गोठवणारे घटक तोच बनवतो, म्हणून त्याचं ऑपरेशन अवघड.

अपयश छापलं

१ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर शहरात स्टार्झल यांनी माणसावर पहिल्यांदा यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा. जन्मतःच त्याच्या पित्तनलिकांत दोष होता. रक्तस्राव थांबेना आणि मुलगा टेबलावरच गेला. पुढचे रुग्णही महिनाभर जगले नाहीत.

त्याच वर्षी स्टार्झल यांनी हे सगळं शोधनिबंधात मांडलं. कोण किती दिवस जगला, कशामुळे गेला, सगळं लिहिलं. मग तीन वर्षांहून जास्त काळ ऑपरेशनं थांबवली आणि प्रयोगशाळेत काम केलं. जुलै १९६७ मध्ये यकृताचा कॅन्सर असलेल्या दीड वर्षाच्या मुलीवर प्रत्यारोपण झालं. ती वर्षाहून जास्त जगली.

आपल्याकडेही असंच नाही का? नवं वाण लावलं आणि मर रोग आला, तर तो शेतकरी गप्प बसला की पुढच्या हंगामात शेजारीही बुडतो. त्यानं सांगितलं तर दहा जण वाचतात.

दुसऱ्याचा पेपर, मातीतलं औषध

नवं यकृत बसवलं तरी शरीर त्याला परकं समजून हल्ला करतं. त्यावर सायक्लोस्पोरिन हे औषध आलं, नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून बनलेलं. केंब्रिजच्या डॉ. रॉय काल्न यांनी १९७८ पासून ते रुग्णांवर वापरलं आणि किडनीवरचे दुष्परिणामही छापले. त्यापुढे जाऊन स्टार्झल यांनी ते स्टेरॉइडसोबत दिलं. आधी वर्षभर जगणारे रुग्ण साधारण तिसरा हिस्सा होते, ते प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलं. १९८३ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या परिषदेनं यकृत प्रत्यारोपण हा आता प्रयोग राहिला नाही, उपचार आहे, असं मान्य केलं.

१९८९ मध्ये स्टार्झल यांच्या पिट्सबर्गच्या पथकानं टॅक्रोलिमस हे औषध रुग्णांवर वापरलं. तेही जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. आज आपल्याकडे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनाही हीच गोळी दिली जाते.

मग आपण काय बघायचं?

नुसता आकडा बघू नका. एका पेपरवर दहा-पंधरा जणांची नावं असतात, आणि एकाच नावाचे अनेक डॉक्टरही असतात. पबमेड या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीत आडनाव आणि आद्याक्षरं टाकली की यादी फुकट दिसते. इंग्रजी जमत नसेल तर कॉलेजला जाणाऱ्या पोराला बसवा. चार गोष्टी विचारा :

– प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर?
– किती रुग्ण होते?
– किती बरे झाले आणि किती दगावले, दोन्ही लिहिलंय का?
– पैसा कुणी दिला? औषध विकणाऱ्यानेच का?

‘शंभर टक्के बरे’ असं लिहिलेलं असेल तर दोनदा विचार करा. खरा पेपर मेलेल्यांचाही हिशेब देतो.

प्रत्यारोपणाची गरज पडली तर

आपल्या देशात १९९४ च्या कायद्यानं अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. जवळचा नातेवाईक आपल्या यकृताचा भाग देऊ शकतो, राहिलेलं यकृत पुन्हा वाढतं. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचं वाटप महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय केंद्रांमार्फत होतं. त्यासाठी रुग्णालयातूनच नाव नोंदवावं लागतं. मधला माणूस पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. आणि डोळे पिवळे दिसले तर चूर्णात आठवडे घालवू नका, आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.