आहारविषयक गैरसमज
अन्नपदार्थांचे गुणदोष व त्यांचा आरोग्याशी असलेला संबंध यांविषयी समाजात रूढ असलेल्या, परंतु शास्त्रीय कसोटीवर न टिकणाऱ्या समजुतींना आहारविषयक गैरसमज म्हणतात. त्यांपैकी काही परंपरेने चालत आलेले, तर काही शास्त्रीय माहितीच्या अपुऱ्या आकलनातून व जाहिरातींतून निर्माण झालेले आहेत. पुष्कळसे गैरसमज निरुपद्रवी असतात. मात्र अर्भके, रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांना आवश्यक अन्नापासून वंचित ठेवणारे गैरसमज घातक ठरतात.

नवजात अर्भक : प्रसूतीनंतर पहिले काही दिवस मातेला येणारे दाट, पिवळसर दूध (चीक) बाळाला पचत नाही, असे समजून ते पिळून टाकण्याची चाल अनेक ठिकाणी आढळते. गायीम्हशींच्या चिकाचा खरवस आवडीने खाल्ला जातो. स्त्रीचा चीक मात्र दूषित मानला जातो. वस्तुतः त्यात रोगप्रतिकारक प्रतिपिंडे व अ जीवनसत्त्व विपुल असतात. जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे व पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळाला मध चाटविणेही इष्ट नव्हे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात व त्यांमुळे एक वर्षाखालील मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

अतिसार : जुलाब होत असताना अन्नपाणी दिल्यास ते वाढतात, ही समजूत अतिशय धोक्याची आहे. अतिसारात मृत्यू ओढवतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व लवणे कमी झाल्याने. ग्लुकोजाच्या सान्निध्यात आतड्यातून सोडियमाचे व त्याबरोबर पाण्याचे शोषण होते. या तत्त्वावर आधारलेले मीठ-साखरेचे द्रावण डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना मोठ्या प्रमाणावर दिले व त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण फार घटले. आजारी बालकाला असे द्रावण व स्तनपान चालू ठेवावेच, शिवाय भाताची पेज, वरण-भात यांसारखे नेहमीचे मऊ अन्नही द्यावे.

गर्भावस्था : अधिक खाल्ल्यास गर्भ मोठा होऊन प्रसूती अवघड होते, या भीतीने काही घरांत गर्भवतीचा आहार कमी केला जातो. त्यामुळे कमी वजनाचे मूल जन्मण्याचा व मातेला रक्तक्षय होण्याचा संभव वाढतो. पपई उष्ण म्हणून पूर्णतः वर्ज्य मानतात. कच्च्या पपईत चीक असल्याने ती टाळणे योग्य आहे. परंतु पूर्ण पिकलेल्या पपईत तो अत्यल्प असतो व तिच्यापासून कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व मिळते.

आधुनिक गैरसमज : मधुमेहात साखरेऐवजी गूळ चालतो, हा समज शिक्षितांतही आढळतो. गुळातही मुख्यतः सुक्रोज हीच शर्करा असल्याने रक्तातील ग्लुकोज वाढते. सैंधव नैसर्गिक म्हणून अधिक हितकर मानले जाते; तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असून आयोडीनयुक्त मिठाऐवजी केवळ तेच वापरल्यास आयोडीन कमी पडून गलगंडाचा धोका संभवतो. ‘कोलेस्टेरॉलविरहित’ असे लिहिलेल्या खाद्यतेलात विशेष असे काही नसते, कारण कोणत्याही वनस्पतिज तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. अशा तेलाच्याही प्रत्येक ग्रॅमपासून सु. ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पालकातील लोहाविषयीही अतिशयोक्ती केली जाते. त्यातील लोहाचे शोषण अल्प होते. जेवणात लिंबू वा आवळा असल्यास हे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे ते घटते.

निराकरण : एखादा पदार्थ सर्वस्वी पथ्यकर वा अपथ्यकर नसतो, त्याचे प्रमाण, खाणाऱ्याचे वय व प्रकृती आणि एकूण आहार यांवर त्याचा परिणाम अवलंबून असतो. पदार्थ वर्ज्य करण्यापूर्वी त्यातील पोषकद्रव्ये अन्य कशातून मिळणार, याचा विचार आवश्यक असतो. घरात आहाराचे निर्णय बहुधा वडीलधाऱ्या स्त्रिया घेतात; म्हणून आहारशिक्षण केवळ मातेपुरते मर्यादित न ठेवता सासू, आजी व सुईण यांच्यापर्यंत पोहोचविल्यास ते अधिक परिणामकारक ठरते.