पन्नास फुटांचा कडा

गिर्यारोहण हा शब्द कानीं पडतांच हिमालयाचीं शुभ्र शिखरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या विद्येची एक शाखा अशी आहे कीं, तींत बर्फ नाहीं, शिखर नाहीं, आणि सारा प्रवास एका दोराच्या लांबींत, कित्येकदां अर्ध्या तासांतच संपतो. तथापि त्या अर्ध्या तासांत मनुष्याच्या विचाराची जी परीक्षा होते ती कांहीं लहान नव्हे. ही परीक्षा कशी होते हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडांत शेफील्ड शहराच्या पश्चिमेस, ओसाड माळाच्या कडेला, स्टॅनेज नांवाची कड्यांची रांग सुमारें साडेतीन मैल पसरली आहे. कड्यांची उंची बहुधा तीस ते सत्तर फूट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून झाला. हा दगड मात्र सुमारें बत्तीस कोटी वर्षांपूर्वीं मोठ्या नद्यांच्या मुखाशीं सांचलेल्या भरड वाळूचा आहे. पूर्वीं त्यापासून जात्याचीं तळीं घडवीत. गिऱ्हाइकाविना राहिलेलीं तीं दगडी चाकें आजहि कड्याखालीं गवतांत पडलेलीं दिसतात. जात्याला जो खरबरीतपणा हवा असतो तोच चढणाऱ्याच्या बोटांस व रबरी तळव्यांस धरून ठेवतो.

आतां चढण्याची रीत पाहूं. चढणारे दोघे असतात. दोराचें एक टोंक पुढच्या गड्याच्या कमरपट्ट्यास बांधलेलें असतें. मागचा गडी जमिनीवर उभा राहून तो दोर हळूहळू सोडीत असतो. येथें एक शंका सहज येईल. दोर तर खालून वर जातो. मग वरचा मनुष्य पडला तर तो दोर त्याला धरणार कसा? उत्तर असें कीं, वर जातां जातां पुढचा गडी खडकाच्या भेगांत धातूच्या लहान पाचरी बसवितो, व प्रत्येक पाचरीस कडी अडकवून तींतून आपला दोर ओंवून घेतो. भेग वर रुंद व खालीं अरुंद असेल तेथें पाचर वरून सरकवावी, म्हणजे खालीं ओढ बसतांच ती अधिकच घट्ट होते.

या पाचरींचा इतिहास मनोरंजक आहे. प्रथम इंग्लंडांतील आरोहक ओढ्यांतले गोटे खिशांत घालून नेत, ते भेगेंत ठोकून बसवीत व त्यांभोंवतीं दोरी गुंफीत. पुढें यंत्रांच्या लोखंडी नटांतील आटे कानशीनें घासून ते वापरूं लागले. आणि १९६१ च्या सुमारास खास याच कामासाठीं केलेल्या पाचरी निघाल्या. ज्या भेगेच्या दोन्ही बाजू समांतर असतात तींत पाचर टिकत नाहीं. तिच्यासाठीं रे जार्डीन या अमेरिकन आरोहकानें स्प्रिंगचें एक साधन शोधून काढलें. तें १९७८ पासून विकत मिळूं लागलें. ओढ बसली कीं त्याच्या वक्र पाकळ्या फांकून दोन्ही भिंतींस रेटतात.

विद्यार्थिमित्रांनो, येथें थोडें गणित करा. पुढचा गडी तीस फुटांवर आहे व त्याची शेवटची पाचर चोवीस फुटांवर आहे. तो पडला तर पाचरीपर्यंत सहा व तिच्याखालीं आणखी सहा, असा बारा फूट पडून अठरा फुटांवर लोंबकळेल. दोर ताणला जाईल म्हणून आणखी थोडा खालीं, इतकेंच. आतां समजा, तो चोवीस फुटांवर आहे व पाचर बारा फुटांवरच राहिली आहे. तो चोवीस फूट पडेल, म्हणजे दोर असूनहि थेट जमिनीवर आदळेल! यावरून नियम निघतो तो असा: शेवटची पाचर आपल्या उंचीच्या निम्म्याहून बरीच वर असलीच पाहिजे. उंच पर्वतावर पडणाऱ्याच्या खालीं पुष्कळदां मोकळी हवा असते. लहान कड्यावर जमीन सदैव जवळ असते. म्हणूनच लहान कडा सोपा असें समजणें ही मोठी चूक होय.

पूर्वीं तागासारख्या वाखाचे दोर असत व ते कमरेलाच बांधीत. मोठ्या हिसक्यानें ते तुटत. म्हणून ‘पुढच्यानें पडूं नये’ हाच त्या काळचा नियम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नायलॉनचे दोर आले. ते ताणले जाऊन हिसका सोसतात, आणि त्यामुळें पडलेला मनुष्य पुन्हां चढण्यास उरतो.

माथा गांठल्यावर पुढचा गडी दोन-तीन भक्कम आधार पाहून स्वतःस जखडून घेतो, आणि मग जोडीदारास वर बोलावतो. दोघे एकमेकांस दिसत नाहींत, माळावर वारा घोंघावत असतो. म्हणून हांका ठरलेल्या असतात, व त्या हांकेवांचून कोणी दोर सोडीत नाहीं. मागचा गडी चढतांना एकेक पाचर काढून घेतो. या खडकांत खिळे न ठोकण्याचा तेथें दंडक आहे. चढून गेल्यावर कडा होता तसाच राहावा.

याच स्टॅनेजवर ‘अजिंक्य’ अशा अर्थाचें नांव धारण करणारी एक भेग आहे. मँचेस्टरच्या एका गरीब घरांतील जो ब्राउन नांवाचा तरुण १९४९ सालीं, वयाचीं वीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, ती चढला. भेगेंत हात घालून तो फुगवून अडकवावा व त्यावर शरीराचा भार तोलावा, ही कला त्यानें अशाच लहान कड्यांवर कमावली होती. पुढें १९५५ च्या २५ मे रोजीं तो व जॉर्ज बँड कांचनगंगेच्या माथ्यानजीक पोंचले, तेव्हां वाटेंत सुमारें वीस फुटांची उभी भेग आडवी आली. अठ्ठावीस हजार फुटांवर, प्राणवायूचें ओझें पाठीवर असतां, ब्राउन तीच कला वापरून ती भेग चढून गेला. शिखर तेथून कांहीं पावलांवर होतें. परंतु सिक्कीमच्या लोकांस तें पवित्र असल्यामुळें, दिलेल्या वचनाप्रमाणें दोघे तेथूनच मागें फिरले.

पालकांस व मुलांस एक विनंती: जाणत्या शिक्षकावांचून हा प्रयोग कोणीहि करूं नये. मात्र ज्यास ही विद्या शिकावयाची आहे त्यानें आरंभ लहान कड्यापासूनच करावा. तेथें बसविलेली प्रत्येक पाचर नीट पारखण्याची जी संवय लागते, तीच मोठ्या पर्वतावर उपयोगीं पडते.