घाण्यावरची करडी

गेल्या महिन्यात भालकीच्या बाजारात करडीचं तेल मागितलं, तर दुकानदाराने मक्याच्या तेलाची बाटली पुढे केली. "हे न्या काका, हृदयाला चांगलं. करडी आता कुठं मिळती?" बाटली तशीच ठेवून रिकाम्या हाताने घरी आलो. ते बोलणं अजून सलतंय.

मक्याच्या तेलावर माझा राग नाही. रिफाइंड केलेलं हे तेल चांगलं तापलं तरी लवकर धुरावत नाही, तळणाला उत्तम. ई जीवनसत्त्वही त्यात आहे. लिनोलेइक आम्ल त्यात निम्म्याहून थोडं जास्त असतं. पण करडीत तेच सत्तर टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणजे ज्या गुणाच्या नावावर ती बाटली खपते, तो आमच्या रानातल्या काटेरी झाडात आधीपासून जास्त होता. शिवाय मक्याच्या दाण्यात तेल जेमतेम चार-पाच टक्के, तेही बहुतेक कोंबात. स्टार्चच्या कारखान्यात कोंब वेगळा काढतात, तेव्हा कुठे ते हाती लागतं. गावच्या घाण्याचं ते कामच नव्हे.

आमच्या भागात घाणा किती जुना, हे सांगायला बसवकल्याण पुरेसं आहे. तिथे बाराव्या शतकातल्या शरणांत, म्हणजे लिंगायत संतांत, गाणद कण्णप्पा होते. कन्नडमध्ये गाण म्हणजेच घाणा. मधली शतकं, निजामाचा अंमल, १९५६ साली बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात जाणं, यावर पुष्कळांनी लिहिलंय. जेवणातलं तेल त्यातून बदललं नाही.

मला आठवतात ती १९८६ नंतरची दहा वर्षं. त्या साली केंद्राने तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान काढलं. अण्णिगेरी, भीमा या वाणांची नावं पारावर निघू लागली. पावसाळ्यात काळं रान पड ठेवायचं आणि रब्बीत ज्वारीबरोबर करडी पेरायची. ज्वारीच्या कडेने करडीचे तास असले की काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. कोवळ्या पानांची भाजी व्हायची, सणाला कुसुबीच्या, म्हणजे करडीच्याच, दुधाची हुग्गी. काढणी भल्या पहाटे, दवाने काटे नरमलेले असताना. हातापायाला गोणपाट गुंडाळून.

आमच्या गल्लीच्या टोकाला अप्पांचा घाणा होता. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल फिरायचा, लाट करकरायची. अप्पा बियांवर पाण्याचा हबका मारायचे आणि पेंड बोटांनी दाबून बघायचे. खालच्या भांड्यात सोनेरी तेल उतरायचं, अजून कोमट. आई ज्वारीच्या कडक भाकरीवर शेंगाची चटणी ठेवायची, मधोमध बोटाने खळगा करायची आणि त्यात ते कच्चं तेल ओतायची. भाकरीचा तुकडा त्यात बुडवला की नाकात करडीचा वास भरायचा. तो वास आजच्या कुठल्याच बाटलीत नाही.

या तेलाला खोड होती, तीही सांगतो. ते फार दिवस टिकत नसे, खवट व्हायचं. वारंवार तळलं की कढईच्या काठाला चिकट पिवळा थर धरायचा. हवेशी संयोग होऊन सुकण्याच्या याच गुणामुळे ते रंग-रोगणातही वापरलं जातं. म्हणून आम्ही महिन्यापुरतंच गाळून आणायचो.

त्याच काळात एका बैठकीत एका कृषी अधिकाऱ्याने करडीला आळशाचं पीक म्हटलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो: एकही पाणी न घेता, सोटमूळ खोल घालून काळ्या मातीतली मुरलेली ओल शोषणारं पीक आळशाचं नसतं, ते शहाण्या शेतकऱ्याचं असतं.

१९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त तेल गावोगाव पोचलं. १९९८मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली. त्यानंतर सुट्या तेलावर बंधनं आली. भेसळ तिकडे झाली, झळ आमच्या अप्पांना बसली. पुढे बीदरच्या पड रानांत सोयाबीन शिरलं, त्यामागून हरभरा आला. काट्यांत हात घालायला मजूर मिळेना. पुढची वीस-पंचवीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दरवर्षी थोडी करडी कमी, एवढंच. देशात एके काळी सात-आठ लाख हेक्टरांवर असलेलं हे पीक आता लाखाच्याही आत आलंय.

मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं. ऑक्टोबरात करडीचा हमीभाव क्विंटलला ५,९४० वरून ६,५४० झाला. एका हाताने बाहेरच्या तेलाला वाट द्यायची आणि दुसऱ्या हाताने इथल्या बियाला सहाशे रुपये वाढवायचे, याने रान परत करडीकडे कसं वळेल?

अप्पांच्या घाण्याची उखळी आता त्यांच्या अंगणात पालथी पडली आहे, तिच्यावर नातवंडं बसतात. यंदा मी ज्वारीच्या कडेने करडीचे चार तास टाकलेत. वेळा अमावस्येला घरची सगळी रानात जेवायला येतील, तेव्हा सुनांना कोवळ्या पानांची भाजी खुडायला दाखवीन. गाळायला मात्र बी लातूरला न्यावं लागेल.