धावल्याने ‘पिशवी’ सरकत नाही

कर्जतसारख्या तालुक्याच्या गावी बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीच्या आईला कुणीतरी हमखास बजावतं, “एवढ्या उड्या मारू देऊ नका, पिशवी सरकते. पुढं मूलबाळ व्हायला त्रास होईल.” साध्या सरावाकडे एकवेळ काणाडोळा होतो. पण पंधरा सेकंद जीव तोडून पळायचं, पंधरा सेकंद चालायचं, पुन्हा पळायचं, असा ‘हिट’चा सराव सुरू झाला की घरच्यांचा धीर सुटतो.

गर्भाशय म्हणजे खुंटीला टांगलेली थैली नव्हे. स्नायू आणि बंधांनी ते ओटीपोटात धरलेलं असतं. धावण्या-उडण्याने ते जागचं हलतं आणि मूल होत नाही, याला कसलाही पुरावा नाही. अंग खाली येण्यामागे मुख्यतः बाळंतपणं, वाढतं वय, लठ्ठपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षं उचललेलं जड ओझं असतं. उन्हाळ्यात याच मुलीला डोक्यावर हंडे घेऊन पाठवताना पिशवीची आठवण कुणाला होत नाही!

बरं, ही भीती फक्त आपलीच नाही. 1892 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचं बास्केटबॉल सुरू केलं, तेव्हा मुलींनी फार दमू नये म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग सोडायला बंदी घातली. 1928 च्या ऑलिंपिकनंतर त्या स्पर्धेतली बायकांची 800 मीटर शर्यत थेट 1960 पर्यंत बंद राहिली. कारण तेच, नाजूकपणा.

एक मात्र खरं, की खूप उड्या मारणाऱ्या काही खेळाडूंना सरावात लघवीचे थेंब जातात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने हा त्रास कमी होतो. लाजेने मुली बोलत नाहीत, म्हणून प्रशिक्षकांनीच विषय काढावा.

बाकीचे समज थोडक्यात. पाळीत सराव बंद? दुखत असेल तर कमी करा, नाहीतर चालू ठेवा. पाळी थांबली म्हणजे सराव अंगी लागला? मुळीच नाही, बहुतेकदा खाणं शरीराच्या खर्चाला पुरत नसतं, म्हणून डॉक्टरांना दाखवा. बास्केटबॉलने उंची वाढते? उंच मुलीच संघात निवडल्या जातात. हिट रोज हवं? आठवड्यात दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. मैदानाला नुसत्या फेऱ्या मारल्या की झालं? 28 मीटरच्या मैदानावर धाव, थांब, उडी, पुन्हा धाव असाच खेळ चालतो, मग सरावही थोडा तसाच नको का?

काळजीच करायची तर आधी रक्ताची करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी उपचार, मग जोराचा सराव. दुसरी काळजी गुडघ्याची. गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून उडीनंतर गुडघे आत न झुकवता मऊ उतरायचं, हे धावण्याआधी शिकवावं लागतं.